‘काका मारत-बिरत नाहीत ना?’

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीचे चेअरमन तिळगूळ घेऊन घरी आले. बारा वर्षांत ते तिळगूळ द्यायला चौथ्या मजल्यावर कधी आले नव्हते, तेव्हाच मला कळायला हवं होतं. बसले, पाणी प्यायले, मुलीची चौकशी केली, लिफ्टच्या मेन्टेनन्सवर दोन वाक्यं बोलले. मग खुर्चीच्या कडेवर सरकून म्हणाले, “मॅडम, तुमचे बंधू राहायला येणार असं वॉचमन म्हणत होता.”

“हो, पुढच्या महिन्यात. आई गेली ना. आता मिरजेत एकटा कसा राहील?”

“बरोबर आहे, बरोबर आहे. आपली माणसं आपणच बघायची.” जरा थांबले. “त्यांना ते... म्हणजे ट्रीटमेंट चालू आहे म्हणे. चांगलंच आहे. कमिटीत एकानं विचारलं म्हणून आपलं विचारतो हं. खाली लहान मुलं खेळतात. काका मारत-बिरत नाहीत ना?”

“छे हो, नाही!” मी म्हणाले. फारच पटकन म्हणाले. तेही “नाही नाही, सहज” म्हणत उठले, माझ्या हातावर वडी ठेवून “गोड बोला” म्हणाले आणि गेले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. हे “नाही” मी बावीस वर्षं देत आलेय. सासरी दिलं, मुलीला दिलं, दादाचे दात काढायला नेलं तेव्हा डेंटिस्टलाही दिलं. ते खरं नाही. आणि “हो” म्हणाले असते तर तेही खरं झालं नसतं, वर कमिटीची मीटिंग लागली असती. खरं उत्तर द्यायला वेळ लागतो, म्हणून इथे लिहितेय. लिहिण्याआधी दादाला फोनवर विचारलं. तो म्हणाला, “लिही की. पण चहाचं नीट लिही.”

दादा १९६९ चा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. सांगलीला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणी खात्यात लागला. खिशात मायक्रोमीटर घेऊन हिंडायचा. माझ्या बांगड्यांची जाडी मोजायचा, बाबांच्या दाढीच्या ब्लेडची मोजायचा, आणि आकडा सांगताना दशांश चिन्हाच्या पुढचे सगळे आकडे नीट उच्चारायचा. १९९३ च्या पावसाळ्यात तो सकाळच्या सात पाचच्या बातम्या रेडिओला कान लावून ऐकायला लागला. बातम्या देणारा मध्येच त्याच्याशी बोलतो असं त्यानं मला सांगितलं. मला वाटलं, चेष्टा करतोय.

पुढची दोन वर्षं वाडीला गेली. मिरजेकडची माणसं ‘वाडी’ म्हणजे नरसोबाची वाडी म्हणतात, हे बाकीच्यांसाठी सांगते. आईनं पौर्णिमा धरल्या. पालखीच्या वेळी आजूबाजूला माणसं घुमत असायची आणि दादा एका कोपऱ्यात हाताची घडी घालून शांत उभा असायचा. बाहेर आल्यावर म्हणायचा, “या लोकांना काहीतरी झालंय, आई.” १९९५ मध्ये एकदाचं मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द कागदावर लिहून दिला. बाबा रेल्वेत पार्सल ऑफिसला होते. त्यांनी तो परगावच्या स्टेशनचं नाव वाचावं तसा तोडून तोडून वाचला.

गोळ्यांनी बरा झाला म्हणता येणार नाही, पण घरात वावरायला लागला. कारखाना सुटला तो सुटलाच. ओळखीच्या एका झेरॉक्सच्या दुकानात बसायचा. २००२ च्या दिवाळीत त्यानं गोळ्या बंद केल्या. हात थरथरायचे, मायक्रोमीटरवरचा आकडा वाचता यायचा नाही, हे त्याचं कारण. दुसरं म्हणजे, “मला काही झालेलंच नाही.” हे दुसरं तो हट्टानं म्हणत नव्हता. या आजारात पुष्कळांना आपण आजारी आहोत हे दिसतच नाही. आपल्याला आपला पाठीमागचा केस दिसत नाही तसं.

एप्रिलपर्यंत तो रात्रीचा झोपेनासा झाला. बातम्या देणारे आता भिंतीतून बोलत होते. दवाखान्यात यायला तयार नाही. तेव्हा एका डॉक्टरांनी आईला थेंबांची बाटली दिली. हॅलोपेरिडॉल. रंग नाही, वास नाही, चव नाही. चहात घाला म्हणाले. अशा किती घरांत अशा किती बाटल्या ओट्यावर असतील, ते मला नंतर रुग्णांच्या नातेवाइकांच्या गटात जायला लागल्यावर कळलं. तिथे हात वर करायला सांगितलं की निम्मे हात वर जातात.

आईनं बाटली ओट्याखाली खायच्या सोड्याच्या डब्यामागं ठेवली. सकाळ-संध्याकाळ चहात थेंब. मला पुण्याला फोन करून सांगितलं. मी म्हणाले, “बरं केलंस.” हे वाक्य माझंच आहे, ते इथे असायला हवं. आठ दिवसांत फरक दिसला नाही म्हणून आईनं आपल्या मनानं थेंब वाढवले. तेही मला माहीत होतं.

आता दादाच्या बाजूनं बघा. त्याला यातलं काहीच ठाऊक नाही. आणि एका सकाळी त्याची मान डावीकडे वळून तिथेच अडकली. जबडा घट्ट झाला, जीभ तोंडात मावेना. थोड्या वेळानं सुटलं. मग पायांत अशी काही तगमग सुरू झाली की बसवेना. अंगणात तासन्‌तास फेऱ्या. हे सगळे त्या औषधाचे नेहमीचे दुष्परिणाम. ते दाबायला बरोबर पॅसिटेनसारखी गोळी देतात. पण ती देणार कुणाला, आणि काय सांगून?

दादानं वही घातली. दोनशे पानी, वर चित्रातला वाघ असलेली. ती पुढे मला माळ्यावर सापडली. त्यात तारीखवार नोंदी आहेत. ‘चहा ६.४०. मान ९.१५.’ ‘चहा ५.३०. पाय रात्रभर.’ मग दोन दिवस त्यानं घरचा चहा घेतलाच नाही, नळाला तोंड लावून पाणी प्यायला: ‘मान ठीक.’ तिसऱ्या दिवशी पुन्हा चहा: ‘मान.’

मी ज्युनिअर कॉलेजमध्ये गणित आणि संख्याशास्त्र शिकवते. तीस वर्षं मुलांना सांगतेय की एक गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा, मग काय होतं ते लिहून काढा. भिंतीतले आवाज ऐकणाऱ्या माझ्या भावानं ते माझ्या कुठल्याही विद्यार्थ्यापेक्षा काटेकोरपणे केलं होतं. आणि त्याचा निष्कर्ष बरोबर होता. आई चहात काहीतरी घालत होती. फक्त ‘का’ या प्रश्नाचं उत्तर आजारानं दिलं होतं: बातम्यावाल्यांनी आईला विकत घेतलंय.

जूनचा तिसरा आठवडा होता. मी तीन वर्षांच्या लेकीला घेऊन माहेरी आले होते. संध्याकाळचे साडेपाच, पाऊस, दिवे गेलेले. मी माजघरात लेकीचं डोकं पुसत होते. दादा अनवाणी आत गेला आणि आईच्या मागं उभा राहिला.

“काय घालतेस?”

आईच्या हातात बाटली होती. ती म्हणाली, “साखर.”

त्यानं आईच्या थोबाडीत मारली. दोनदा. मी आजवर “ढकललं” एवढंच सांगत आले. तर, आधी मारलं, दोनदा, आणि मग बाटली ओढून घेताना ढकललं. आई न्हाणीच्या उंबऱ्यावर पडली आणि तिचं मनगट मोडलं. आवाज ऐकू आला. दादानं तिकडं बघितलंच नाही. त्यानं बाटली खिडकीच्या उजेडात धरली आणि लेबलवरचं नाव मोठ्यानं वाचलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, “मने, तुला माहीत होतं?”

मी उत्तर दिलं नाही. मी किंचाळले.

किंचाळण्यानं शेजारचे चौघे धावत आले. चांगली माणसं, बाबांना पुढे खांदा त्यांनीच दिला. त्यांनी दादाला अंगणात ओढून मारलं. तो हात वर करून उभा होता, मी बघत होते. मग कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीनं त्याला वाड्याच्या खांबाला बांधलं. पोलीस येईपर्यंत, म्हणजे साधारण पाऊण तास, तो पावसात खांबाला बांधलेला होता. दोन फासळ्या मोडल्या आणि पुढचा एक दात गेला. हवालदार वयानं मोठे होते. त्यांनी आधी दोरी सोडायला लावली आणि मग नाव विचारलं. त्यांचं तेवढं मी कधी विसरणार नाही.

दवाखान्यात दोघांच्याही केसपेपरवर ‘पाय घसरून पडले’ असं लिहिलं गेलं. आईचंही तेच, दादाचंही तेच. एकाच घरात, एकाच संध्याकाळी, दोघांचे पाय घसरले. लिहिणाऱ्यानं मान वर केली नाही.

गल्लीत गोष्ट काय उरली? “त्यानं आईला मारलं.” ते खरंच आहे. पण फासळ्या कुणी मोजल्या नाहीत.

पुढे मी जे वाचन केलं ते या संध्याकाळमुळे केलं. पेशा असा असल्यानं आधी आकड्यांकडेच गेले. स्वीडनमध्ये सगळ्यांच्या दवाखान्याच्या आणि कोर्टाच्या नोंदी एकमेकींशी जोडता येतात. तिथे १९७३ ते २००६ या काळातल्या स्किझोफ्रेनियाच्या आठ हजार तीन रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये आला. रुग्णांपैकी १३.२ टक्क्यांच्या नावावर निदान एक हिंसक गुन्हा, बाकीच्या लोकांत ५.३ टक्के. म्हणजे फरक आहे. “आजाराचा आणि हिंसेचा काही संबंध नाही” असं आमच्या गटातले लोक भाषणात म्हणतात, तेव्हा मी खाली मान घालून बसते.

पण लगेच पुढचं कोष्टक आहे. दारूचं किंवा नशेचं व्यसनही असलेले रुग्ण वेगळे काढले, तर त्यांच्यात २७.६ टक्के. व्यसन नसलेल्यांत ८.५. आणि वय, उत्पन्न वगैरे जमेला धरून व्यसन नसलेल्यांचा धोका चारचौघांच्या १.२ पट. एक पूर्णांक दोन! आमच्या बिल्डिंगमध्ये यापेक्षा मोठा फरक ‘ए’ विंग आणि ‘बी’ विंगमध्ये निघेल. त्या लोकांनी आणखी एक केलं. व्यसनी रुग्णांची तुलना त्यांच्याच धडधाकट भावंडांशी केली, तर फरक बराच आकसला. हे वाचताना मी दचकले. धडधाकट भावंड म्हणजे मी.

त्याआधी, १९९८ मध्ये, अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला होता. मनोरुग्णालयांतून घरी सोडलेल्या हजारभर माणसांचा वर्षभर माग घेतलेला. पिट्सबर्ग शहरात त्यांनी रुग्णांची तुलना त्याच वस्तीत राहणाऱ्या शेजाऱ्यांशी केली. व्यसन नसलेले रुग्ण आणि व्यसन नसलेले शेजारी यांच्यात फरक दिसला नाही. आणि रुग्णांच्या हातून जी हिंसा झाली ती बहुतेक घरात, घरच्यांवर किंवा ओळखीच्यांवर. खाली खेळणाऱ्या मुलांचा त्यात फारसा संबंध येत नाही. संबंध येतो तो बाटली हातात धरलेल्या बाईचा.

शिकागोचे आकडे २००५ चे. गंभीर मानसिक आजार असलेल्या नऊशेहून जास्त लोकांना विचारलं, की तुमच्यावर काय झालं? मागच्या एका वर्षात पाव हिश्शाहून अधिक जण हिंसक गुन्ह्याचे बळी होते, म्हणजे सर्वसाधारण लोकांच्या अकरा पटींहून जास्त. हा प्रश्न इतक्या उशिरा कुणाला तरी सुचला याचंच मला नवल वाटतं.

मिरज म्हणजे काही शिकागो नव्हे, हे मान्य. पण आमच्याकडची मोजदाद कशी होते ते वर लिहिलंच आहे. दोघांचे पाय घसरले.

चेअरमनसाहेब चार दिवसांनी लिफ्टमध्ये भेटले. विषय त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. “मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला सांगायला नको,” ते म्हणाले, “पण स्वारगेटची ती बस आठवते ना?”

पुण्यात राहून ती कोण विसरेल? २५ जानेवारी २०१२. एका ड्रायव्हरनं स्वारगेट डेपोतून एसटी काढली आणि उलट्या-सुलट्या रस्त्यांवरून माणसं चिरडत नेली. ९ जण गेले. त्या सकाळी माझी मुलगी शाळेच्या व्हॅनमध्ये होती आणि व्हॅनवाल्या काकांचा फोन लागत नव्हता. ती दहा-पंधरा मिनिटं मला अजून आठवतात, म्हणून चेअरमनना मी हसले नाही.

पण एक सांगते. वर्तमानपत्रांनी पहिल्याच दिवशी ‘माथेफिरू’ लिहून टाकलं. कोर्टात मात्र तो खरंच आजारी होता का, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. कायद्याचा प्रश्न ‘वेडा आहे का’ असा नसतोच. तेव्हा दंड संहितेतलं कलम ८४ होतं, आता न्याय संहितेत २२ आहे. ते विचारतं की कृत्य करताना, त्या वेळी, आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे त्याला कळत होतं का. सत्र न्यायालयानं तो बचाव फेटाळून फाशीची शिक्षा दिली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिची जन्मठेप केली. हा सगळा गुंता ‘माथेफिरू’ या चार अक्षरांत कुठे बसवणार? आमच्याकडे पार्किंगमधल्या दुचाकी जाळणारासुद्धा पकडला जायच्या आधीच माथेफिरू असतो.

मी वर्गात सशर्त संभाव्यता शिकवताना हेच उदाहरण मनात धरते, बोलत नाही. एखाद्या भयंकर घटनेमागचा माणूस आजारी निघण्याची शक्यता एक, आणि एखादा आजारी माणूस भयंकर काही करण्याची शक्यता वेगळीच. मुलं दरवर्षी ही दोन्ही उलटसुलट करतात. मुलांचं ठीक आहे, त्यांचे दोन मार्क जातात.

आणि पार्किंगवरून आठवलं. २०२२ मध्ये देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. कारणांमध्ये सगळ्यात वर ‘वाद’, ९,९६२. आमच्या सोसायटीत मागच्या गणपतीत पार्किंगवरूनच एकानं दुसऱ्याच्या कपाळात हेल्मेट घातलं होतं, तीन टाके पडले. दोघेही आरतीला असतात. त्यांच्यापैकी कुणाच्या दारात तिळगूळ घेऊन कुणी “मारत-बिरत नाही ना” विचारायला गेल्याचं ऐकिवात नाही.

असो. दादाकडे येते.

त्या जूननंतर त्यानं दीड वर्ष आईच्या हातचं काही खाल्लं नाही. स्वतःचा भात स्वतः लावायचा. आईनं एका हाताला प्लास्टर असताना दुसऱ्या हातानं त्याच्यासाठी तांदूळ निवडून ठेवायचे आणि त्यानं ते पुन्हा निवडायचे. दुसरे डॉक्टर बघितले. त्यांनी पहिल्या भेटीत आम्हाला तिघांना बाहेर बसवलं आणि दादाशी तासभर बोलले. बाहेर आले आणि आईला म्हणाले, “आजी, त्याला खरं सांगा.” आईनं सांगितलं. दादा म्हणाला, “मला माहितीय. माझ्याकडे वही आहे.”

२००४ मध्ये क्लोझापाइन हे औषध सुरू झालं. यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होण्याचा धोका असतो, म्हणून पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं, मग महिन्याला. हे दादाला एकदम पटलं. मोजमाप आहे, आकडा आहे, आपला आपल्याला बघता येतो. वाघाच्या वहीतच पुढच्या पानांवर त्या पेशींचे आकडे आहेत. लाळ गळते, वजन वाढलंय, सकाळी नऊशिवाय उठवत नाही. पण भिंती गप्प झाल्या. पूर्ण नाही, “कुजबुजतात, पण माझ्याविषयी नाही,” असं तो म्हणतो.

स्वीडनचाच २०१४ चा एक अभ्यास मला फार आवडतो. ब्याऐंशी हजारांवर लोक. त्यांनी माणसाची तुलना दुसऱ्या माणसाशी केलीच नाही. त्याच माणसाचा औषध चालू असतानाचा काळ आणि बंद असतानाचा काळ समोरासमोर ठेवला. अँटिसायकोटिक, म्हणजे भास-भ्रमांवरची औषधं चालू असताना हिंसक गुन्हे ४५ टक्क्यांनी कमी. चहा घेतला, मान. नाही घेतला, मान ठीक. पद्धत तीच. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “त्यांना वही किती पानी लागली असेल?”

बावीस वर्षांत त्यानं कुणावर हात उचलला नाही. त्याच्यावर दोनदा उचलला गेला. एकदा स्टेशनजवळ पोरांनी, टोपी उडवायच्या नादात. एकदा बसमध्ये, स्वतःशी बोलत होता म्हणून. आणि २०१८ च्या जुलैत, धुळ्याच्या राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकरी जमावानं ठेचून मारले, त्यानंतर आईनं त्याला महिनाभर घराबाहेर सोडलं नाही. ती पाच माणसं आजारी नव्हती, परगावची होती एवढंच. आई म्हणाली, “त्यांना तरी बोलता येत होतं. ह्याला कुणी विचारलं तर हा खरं सांगत बसेल.”

दादाला खांबाला बांधलं त्याच्या दोनच वर्षं आधी, ऑगस्ट २००१ मध्ये, तमिळनाडूत एरवाडीला एका खासगी आश्रमाला आग लागली आणि साखळदंडात बांधलेली २८ माणसं जळून गेली. आता २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा रुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीनं बांधायला साफ मनाई करतो. त्याच कायद्यानं रुग्णाला आपण बरे असताना लिहून ठेवता येतं, की पुन्हा बिघडलो तर माझ्यावर कसे उपचार करा आणि कसे करू नका. हे कलम वाचून दादा म्हणाला, “म्हणजे चहाचं लिहिता येईल.”

सरकारी नमुन्याचं काय ते होईल. आम्ही दोघांनी दिवाळीत मिरजेच्या घरी बसून आमचा कागद केला. अक्षर त्याचं. दोन रात्री सलग झोपलो नाही तर मनीनं मला सांगायचं. तिसऱ्या रात्री डॉक्टरांना फोन, मी नको म्हणालो तरी. रेडिओ, टीव्ही बंद केला, आंघोळ टाळली, एकाच माणसाच्या हातचं खाईना झालो, तर ती सुरुवात आहे. तेव्हा माझ्याशी वाद घालायचा नाही, पण खोटंही बोलायचं नाही. मला दारापासून अडवून उभं राहायचं नाही. शेजाऱ्यांना हाक मारायची नाही. हे वाक्य त्यानं लिहिलं आणि पेन ठेवलं, आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. इंजेक्शन चालेल. दवाखाना चालेल. दोरी नाही. खाण्यापिण्यात काही घालायचं नाही, कधीच, माझ्या भल्यासाठीसुद्धा नाही.

मी खाली सही केली. साक्षीदार म्हणून माझ्या मुलीनं केली. तिला त्या वेळी मी पहिल्यांदा ती संध्याकाळ सांगितली. ती म्हणाली, “मला आठवतंय की. तू माझं डोकं पुसायचं सोडून ओरडलीस.”

काल चेअरमनना खाली गाठलं आणि सांगितलं. सगळं नाही, बावीस वर्षांपूर्वी एकदा झालंय, कशामुळे झालंय, आणि आता काय व्यवस्था आहे, एवढं. म्हणाले, तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. मी म्हणाले, धोका असलाच तर माझ्या स्वयंपाकघरात आहे, तुमच्या खालच्या मुलांना नाही.

ते बराच वेळ गप्प होते. मग खरोखर न कळून विचारलं, “मग तुम्ही तरी कशाला ठेवताय?”

“भाऊ आहे हो,” मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

पुढच्या रविवारी मी आणि माझे मिस्टर गाडी घेऊन मिरजेला जातोय. दादानं सामानाची यादी पाठवलीय. दोन पेट्या, रक्ताच्या रिपोर्टांची फाइल, मायक्रोमीटर, वाघाची वही, स्वतःचं चहाचं पातेलं, गाळणं, आणि चहा-साखरेचा जोडडबा. डब्याला कडी आहे. कुलूप इथूनच घेऊन ठेवू का म्हणून विचारलं, तर म्हणाला, “नको. माझं आहे.”